उजवी मांडी

आमचे हे शिंपी. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली, पण स्वतःचं एक माप काही धड घेता आलं नाही. त्यापायी मी दोन महिने हरभरे उकडत होते.

झालं असं, की यांचा उजवा पाय मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा मांडी पार वाळून गेली होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी टेप लावली. डावी अठरा इंच, उजवी साडेसोळा. म्हणाल्या, "हात न टेकता खुर्चीतून रोज तीस वेळा उठायचं. आणि प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत. अंडी, मासे, काहीही चालेल."

दुकान माडीवर, अकरा पायऱ्या चढून. मालकाने दोन महिन्यांची मुदत दिली होती, तोवर वर आले नाहीत तर यांचं मशीन दुसऱ्याला. शिलाईशिवाय या माणसाला दुसरं काही येत नाही. घरी बसले तर आधी खचतील आणि मग माझं डोकं खातील, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पण यांना अंडी-मासे नकोत. "जनावराला ढीगभर धान्य चारायचं आणि त्यातनं मूठभर मांस काढायचं? एका शर्टासाठी वीस मीटर कापड फाडणाऱ्याला मी दुकानात उभं करणार नाही. धान्य आपणच खाऊ की."

म्हणजे हरभरे भिजवा, मसूर शिजवा, शेंगदाणे भाजा, सोयाबीन दळा, सगळं माझ्या बोकांडी.

पहिल्याच रविवारी यांनी टेप लावली. "अठरा. झाली बरोबरी."

आठ दिवसांत दीड इंच? पण शिंप्याला माप शिकवायची माझी काय बिशाद. त्या दिवसापासून व्यायाम बंद. वाट्या मात्र चाटूनपुसून रिकाम्या होत होत्या. पोट तेवढं सुटलं.

तीन आठवड्यांनी दुकानात निघाले. चौथ्या पायरीवर पाय लटपटायला लागला. कठडा धरून तिथेच बसले, ना वर ना खाली. वर कुणीतरी यांचं मशीन चालवून बघत होतं.

घरी आल्यावर म्हटलं, "लावा टेप. माझ्यासमोर."

लावली. टेपखाली दोन बोटं.

"ही बोटं कशाला?"

"सैल नको ठेवायला? कापड आवळतं मग."

मी बोटं ओढून काढली. साडेसोळा.

"अहो, मांडी मोजताय की पँट बेतताय?"

यांनी टेप गुंडाळून ठेवली. मग कपाटातली पँट काढली, उजवा पाय उसवला आणि साडेसोळावर गच्च आवळून शिवला. "ही उसवेल तेव्हाच दुकानात जाईन."

चांगली पँट होती ती. पुढचे पाच आठवडे तीच घालून उठबस चालली. मी समोर बसून मोजायचे, चुकवली तर वाटी मागे घ्यायचे.

मुदतीच्या शेवटच्या सकाळी सव्विसाव्या वेळी उठताना मांडीवरची शिवण टर्रकन गेली. मी सुई शोधायला धावले. मला रडू येत होतं आणि सुई काही सापडेना.

"राहू दे," हे म्हणाले. तशाच उसवलेल्या पँटने पायऱ्या चढले. सातवीवर जरा थांबले, तेवढंच. मी हरभऱ्यांचा डबा घेऊन खाली उभी राहिले. वरून मशीनचा आवाज सुरू झाला, तेव्हा डबा द्यायला वर गेले.