मोठ्या मामांचा घरातला गॉगल

थांबा, हातातलं काम ठेवा बाजूले. हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाई तर माझं पोट फुटन. काल ताईचं लग्न झालं, हातावरची मेंदी अजून ओली वाटून राह्यली, अन् मी बसली टाइप करत. तर आमचे मोठे मामा. माझ्या आईचे मोठे भाऊ, सिंदी रेल्वेचे. अख्ख्या वर्धा जिल्ह्यात त्यांच्याएवढा संशयी माणूस दाखवला तर मी माझा फोन त्याले देऊन टाकीन, चार्जरसकट!

दूधवाल्यावर संशय सगळेच घेतात, मामा म्हशीवर घेतात. "इतकं पानी पेते, ते जाते कुठं?" म्हणतात. चहा कपातून पीत नाईत, कारण कपाच्या कानात काय लपलं असन सांगता येत नाई. त्यांची स्टीलची वाटी वेगळी, चहा त्यातच. केळझरच्या गणपतीले गेले की एक चप्पल खांबापाशी काढतात अन् दुसरी दूर झाडाखाली. "जोडी दिसली तर चोर नेते. एका चपलेचं काय करन तो?" एकदा परत आलो तर झाडाखालची गायब. तेव्हापासून त्यांची खात्री आहे की चोर लंगडा होता. अन् त्यांना कोणी रस्त्यात "कसे आहात?" विचारलं, की ते आधी मागं वळून पाहतात, मग म्हणतात, "काऊन? कशाले पाह्यजे?"

आता अशा माणसाची एकुलती एक पोरगी, आमची प्रणाली ताई, पुण्याले नोकरीले गेली अन् तिनं स्वतःच पोरगा पसंत केला. सांगलीकडचा! मामी राजी, आम्ही सगळे राजी. मामा फक्त एवढंच म्हटले, "येऊ द्या. मी एकदा नजर टाकतो." ताई मले फोनवर रडून राह्यली होती. "बाबा नाई म्हणाले तर मी नाई करणार लग्न. त्यालेही तसं सांगून टाकलं मी." म्हणजे बघा, सगळं त्या एका नजरेवर अडलं होतं.

अन् मामानं मले माडीवर बोलावलं, दार लावलं, दाराची फट पाहिली, अन् कानाशी येऊन म्हणाले, "मले काळा चश्मा पाह्यजे."

"काऊन मामा? ऊन लागते?"

"येडी हायेस का? तो पोट्टा माया डोयात पाहून सोंग करन. मी कुठं पाहून राह्यलो हे त्याले समजलंच नाई पाह्यजे. अन् चश्मा चेहऱ्याले शोभला पाह्यजे. शोभला नाई तर लोकाईले शक येते."

शोभणं म्हणजे तर माझा विषय! मी फोनवर सगळं वाचून बसलेली: गोल चेहऱ्याले चौकोनी फ्रेम, चौकोनी चेहऱ्याले गोल, लांबट असन तर मोठी. मी म्हटलं, "मामा, तुमचा चेहरा गोल आहे, चौकोनी घेऊ."

"गोल हाय हे तुले कोनं सांगतलं?"

झालं, चौकशी बसली. दाढी करणारा म्हटला, लांबट. मामा म्हणे, तो वरून पाह्यते, त्याचं काय खरं. शेजारचे काका म्हटले, चौकोनी. पण त्यांच्याशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून वाद, म्हणून चौकोनी बाद. मामी भाकर थापत होती, तिनं मानही वर केली नाई. "कढईसारखा हाय. रोज पाह्यतो ना आमी."

शेवटी आम्ही वर्ध्याले गेलो. दुकानात मामानं पिशवीतून घरचा दाढीचा आरसा काढला. "दुकानाच्या आरशात सगळेच नवरदेव दिसतात." दुकानदारानं एक गोल गॉगल लावून दिला, "काका, एकदम हीरो!" मामानं तो लगेच काढला. म्हणे, याले हाच खपवायचा होता. मग पायलटवाला लावला, आरशात बराच वेळ पाहिलं अन् हळूच मले म्हणाले, "हा मानूस मले ठीक नाई वाटून राह्यला." शेवटी कोपऱ्यातला जाड, चौकोनी, काळाकुट्ट उचलला. दुकानदार वैतागून म्हटला, "हा नका घेऊ, नाई शोभत तुम्हाले." "म्हंजे कोनासाठी तरी लपवून ठेवला!" घेतलाच. अन् खरं सांगू? मस्त शोभला! पण मी चूप. शोभते म्हटलं असतं तर तोही गेला असता.

पाहुणे आले. पोरगा अन् त्याची आई. ऊन म्हणून मामीनं बैठकीचे पडदे ओढलेले, आम्हालेच नीट दिसत नव्हतं, मामाले तर थेट अमावस्या. डॉक्टरनं सांगितलं म्हणून चश्मा, असं जाहीर करून ते खुर्चीत ताठ बसले. तर्री-पोहे आले, चहा आला. मामाची चहाची वाटी अन् तर्रीची वाटी शेजारी-शेजारी. मामानं वाटी उचलली अन् लालभडक, झणझणीत तर्री एका दमात घशाखाली.

आवाज नाई केला हो! कान लाल झाले, मिशी थरथरली, अन् चश्म्याखालून दोन धारा लागल्या. पोराची आई गहिवरली, "बघा, मुलीच्या बापाचं काळीज!" मामीनं पदर डोळ्याले लावला. ताई तर हुंदकेच देऊन राह्यली. फक्त तो पोरगा उठला, ताटातला पेढा उचलला अन् मामाच्या हातात ठेवला. "काका, घ्या." बस, एवढंच. मग पाण्याचा पेला त्यांच्या बोटाले लावून दिला.

पाहुणे गेल्यावर मामानं मले परत माडीवर नेलं.

"हासला का तो?"

"नाई मामा."

"बाहेर गेल्यावर? गाडीत बसताना?"

"नाई."

"प्रणालीले सांगतलं असन त्यानं."

"नाई सांगितलं. मी विचारलं तिले. ती समजते तुम्ही खरंच रडले."

मामा बराच वेळ चश्मा पुसत राह्यले. मग म्हणाले, "मंग देऊन टाका पोरगी."

काल संध्याकाळी ताई निघाली. ऊन केव्हाच उतरलं होतं, तरी मामाच्या डोळ्यावर तो चौकोनी काळाकुट्ट. गाडीचा नंबर त्यांनी तीनदा पुटपुटून पाठ केला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, अन् मी पाहिलं तर चश्म्याखालून तशाच दोन धारा.

"मामा?"

"तर्री लय तिखट होती," म्हणाले.

काल जेवणात तर्री नव्हतीच. माझ्या हातात पेढा होता, तो त्यांच्या हातात ठेवला.

तुमच्याही घरी आहे का असं कोणी, ऊन नसताना काळा चश्मा लावणारं? अन् तुम्ही काय केलं तेव्हा? विचारलं, की पेढा दिला?