डायनरमध्ये मोठ्याने मराठी

मंडळी, नवरा सुसाट गाडी चालवतोय आणि मी शेजारी बसून हे लिहितेय.

आज सुट्टीवर निघताना न्यू लिनच्या एका अमेरिकन डायनरमध्ये जेवायला थांबलो. लाल सोफे, ज्यूकबॉक्स, सगळं सिनेमातल्यासारखं. सिनेमात असतो तसा आमच्याकडे पाठ करून बसलेला एक माणूसही होता, काउबॉय हॅटवाला.

"खुनी दिसतोय," मी म्हटलं. आम्ही दोघंही खो खो हसलो. इथे मराठी कोणाला कळतंय!

मग मैत्रिणीला, वैशालीला फोन लावला. "आम्ही सोमवारी परत येऊ. तुळशीला पाणी घालशील? किल्ली मागच्या दाराशी, निळ्या जँडल चपलेखाली आहे." आमचं टाकानिनीचं नवं घर तिने पाहिलेलं नाही, म्हणून पत्ता दोनदा सांगितला, मोठ्याने. ती म्हणाली, "आत्ताच निघते."

हॅटवाला उठला. जाता जाता आमच्या टेबलापाशी थांबला. भरलेल्या प्लेटकडे बघून शांतपणे म्हणाला, "सावकाश होऊ द्या."

आणि गेला.

वैशाली फोन उचलत नाहीये. आम्हाला घरी पोचायला अजून वीस मिनिटं लागतील. आत्ता टाकानिनीत कोण आहे?