ओल्या कठड्यावरचा रंग

टर्पेंटाइनचा वास आला की मला लालबागच्या चाळीतला, आमच्या खोलीपुढचा लाकडी कठडा दिसतो. गिरण्यांचा संप चालू होता आणि गणपती तोंडावर आले होते. बाबांनी हिरवा ऑइलपेंट आणला आणि पावसाने भिजलेल्या कठड्यावर थेट ब्रश फिरवायला घेतला. आई म्हणाली, "अहो, जुना रंग खरवडा तरी. लाकूड ओलं आहे, सुकू द्या." बाबा खेकसले, "सुकायची वाट बघत बसू? उद्या गिरणीचा भोंगा झाला की मी पाळीवर. मग कोण रंगवणार, तू?" गणपतीत कठडा झकास दिसला. पुढे ऊन तापलं तसे रंगाला फोड आले. बोट लावलं की साल निघायची. भोंगा काही झाला नाही. बाबांकडे आता वेळच वेळ होता, पण ब्रश डब्यात तसाच वाळून कडक झाला. दिवसभर ते कठड्याला टेकून, गिरणीच्या धूर नसलेल्या चिमणीकडे बघत, नखाने रंगाचे पापुद्रे काढत राहायचे. परवा माझ्या घरी खिडक्या रंगवायला आलेला रंगारी म्हणाला, "काका, लाकूड ओलं आहे, जरा थांबू या. घाई नाही ना?" 'नाही' म्हणालो आणि त्याचा ब्रश वाळू नये म्हणून टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवला.