शिरीषबरोबर पाहिलेला सिनेमा

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि मी काही पोटात ठेवणारा माणूस नव्हे — अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनी गावात कुणाही मराठी माणसाला विचारा. आमच्या अंगणात आलेलं मांजराएवढं रकून माझ्या तोंडून घरोघरून पदार्थ आणून जमायच्या तिसऱ्या पॉटलकपर्यंत अस्वल झालं होतं! लोक हसतात, ‘मग पुढे?’ विचारतात. त्या ‘मग पुढे’ची चटक वाईट.

शिरीष माझा मित्र. त्याची बायको नीता बेसमेंटच्या जिन्यावरून पडून गेली. पोलिसांनी त्याला दोनदा बोलावलं, अपघात म्हणून फाइल बंद केली. लोकांच्या मनातली? ती उघडीच होती — मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी...

थांबा, नीट सांगतो.

नीताने एक कादंबरी वाचली होती. बायकोचा खून होतो, नवरा खुनी शोधत फिरतो. शेवट तिने शिरीषला सांगितलाच नाही — “सिनेमा येतोय, तेव्हा बघ.” सिनेमा आला, तेव्हा ती नव्हती. तो म्हणाला, “एकट्याने नाही जमणार यार, चल ना.” शनिवारी दुपारच्या शोला गेलो. खुनी निघाला नवराच.

पुढच्या आठवड्यात पॉटलक. शिरीष आला नव्हता. हातात ताट घेऊन मी रंगात आलो. म्हटलं, पडद्यावर नवरा जिन्यावरचं रक्त पुसायला लागला, आणि आपला शिरीष — घामाने चिंब! ताडकन उठला, पळत बाहेर, पार्किंग लॉटमध्ये थरथरत उभा!

यातला एक शब्द खरा नव्हता.

कुणी हसलं नाही. माधुरीकाकूंनी हातातला डाव खाली ठेवला. “खरंच पळाला?”

“काकू, माझ्या डोळ्यांदेखत!”

‘गंमत केली हो’ — एवढं म्हणता आलं नसतं का? आलं असतं. पण काय ती शांतता! असे श्रोते मला जन्मात मिळाले नव्हते.

शिरीष रविवारी मुलांना गणित शिकवायचा. कुणाचं सॉकर निघालं, कुणी नुसतंच कॅन्सल केलं. महिन्याभरात एक मूल उरलं नाही. कुजबुज त्याच्या कानावर गेली. सुरुवात कुणी केली, ते मात्र नाही. तो माझ्याकडेच आला. “तू शेजारी बसला होतास. सांग ना त्यांना.”

मी काय म्हणालो? “जाऊ दे यार, विसरतील लोक.”

विसरले नाहीत. घर विकून तो ॲन आर्बरला बहिणीकडे गेला. निघताना माझ्या बायकोला म्हणाला, “वहिनी, इथे हा एकटा माझ्या बाजूने राहिला.” आणि मी — मान हलवली. हो, हलवली.

थिएटरमध्ये खरं काय झालं होतं? नीता गेल्यापासून त्याला झोप नव्हती. सिनेमा सुरू होऊन अर्धा तास झाला नसेल, माझ्या खांद्यावर डोकं टेकून तो झोपला. शेवटपर्यंत. दिवे लागले, लोक उठून गेले, झाडूवाला आला — तरी मी त्याला हलवलं नाही.