आर्लिसची वीस बोअर

आर्लिस त्वाइट आमच्या गावच्या शाळेची बस चालवायची. साउथ डकोटात हिवाळा कसा असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही बाई काय चीज होती हे वेगळं सांगायला नको. नवरा मर्ल गेल्यावरही दर शरदात ती त्याची बारा बोअरची बंदूक खांद्यावर टाकून फेझंटच्या, म्हणजे लांब शेपटीच्या रानकोंबड्यांच्या, शिकारीला यायची. मक्याच्या ओळींतून आम्ही सगळे रांगेने चालायचो आणि नर पक्षी फडफडत उठला की बहुतेक वेळा बार तिचाच आधी व्हायचा.

मग एका फेब्रुवारीत ती बसच्या बर्फाळ पायरीवरून पडली आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण बारा बोअरचा एक बार काढला की डोळ्यांपुढे काजवे चमकत. त्याहून वाईट म्हणजे चाप ओढण्याआधीच तिचे डोळे मिटू लागले.

बंदुकीच्या दुकानात मी तिच्याबरोबर होतो. दुकानदार गॉर्डीने आधी अठ्ठावीस बोअर पुढे केली; आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. काडीसारखी हलकी.

"धक्का जाणवायचासुद्धा नाही," तो म्हणाला.

"आणि वाऱ्यात लांबून उठलेला कोंबडा?" आर्लिसने विचारलं. "छर्रे कमी. चार लागतील, पडायचा नाही, आणि कुठेतरी गवतात तडफडत मरेल. ते मला नको."

मग वीस बोअरच्या दोन निघाल्या. हलकी दुनळी तिला दिसायला आवडली, पण गॉर्डीने मान हलवली. "काडतूस तेच असलं की बंदूक जितकी हलकी तितकी लाथ जास्त. ही दुसरी घे. जरा जड आहे, पण पुढचं काडतूस स्वतःच भरते आणि धक्का बराचसा पोटात घालते."

आर्लिसने ती खांद्याला लावली. दस्ता लांब होता, तो बोटभर कापून घेतला. उन्हाळाभर ती माझ्या शेतामागे मातीच्या तबकड्या फोडत राहिली. ऑगस्टपर्यंत डोळे मिटायचे थांबले.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी मर्लचा थोरला भाऊ ड्वेन आला. बंदूक बघून हसलाच.

"आर्लिस, ही पोरांची बंदूक! पक्ष्याला गुदगुल्या करणार आहेस का?"

"तू तुझं बघ. गेल्या वर्षी तुझ्या बारा बोअरने आभाळच जखमी केलं होतंस."

ड्वेनचं शिकारीचं जाकीट काट्यात फाटलं होतं. तिने गाडीतलं मर्लचं जुनं जाकीट त्याला दिलं. उन्हाळ्यात सराव करताना ती स्वतः तेच घालायची. त्याच्याच खिशांत त्याने आपली काडतुसं ओतली आणि आम्ही निघालो.

वारा बोचरा होता, सगळ्यांच्या हातांत मोजे. दलदलीच्या कडेला माझ्या कुत्रीने, टिलीने, पहिला पक्षी उठवला. ड्वेनने नेम धरला. नुसतं टक् झालं. पक्षी गेला. ड्वेनने शिवी हासडली, एकावर एक नळ्यांची आपली दुनळी उघडून बघितली, खालची नळी रिकामी दिसली. भरायचंच राहिलं असं समजून त्याने काडतूस घातलं आणि बंदूक मिटली. त्याच्या खिशातून काहीतरी गवतात पडलं.

आर्लिसची नजर तिकडे गेली. पिवळं काडतूस होतं. वीस बोअरचं.

वीसचं काडतूस बाराच्या नळीत घातलं की ते आत सरकून अडकतं, उघडून बघितलं तरी दिसत नाही. त्यामागे बाराचं घालून बार काढला की नळी फुटते, तीही नळी धरलेल्या डाव्या हाताजवळच.

"ड्वेन, थांब!"

वारा उलटा होता आणि ड्वेनला ऐकू तसं कमीच. पुढे टिली पुन्हा थिजून उभी राहिली, शेपूट ताठ. ड्वेन बंदूक वर घेत तिच्याकडे चालू लागला. पक्षी कोणत्याही क्षणी उठणार होता. मी धावलो, पण चिखलात पाय रुतले.

आर्लिसने नळी सरळ आभाळाकडे केली आणि बार काढला. लगेच दुसरा.

कोंबडा उठला. ड्वेन मात्र गर्रकन मागे वळला. "डोकं फिरलंय का तुझं? माझा पक्षी होता तो!"

"उघड! बंदूक उघड आधी!"

तिचा आवाज असा काही होता की त्याने मुकाट्याने उघडली. काडतुसं काढून नळी आभाळाकडे धरली. खालच्या नळीतून उजेड येईना. मी दलदलीतल्या बोरूची काडी खुपसली, तेव्हा पिवळं काडतूस ड्वेनच्या तळव्यावर पडलं.

"जाकीट देण्याआधी खिसे मी तपासायला हवे होते," आर्लिस म्हणाली. "चूक माझी आहे."

"घालताना मीही बघितलं नाही," ड्वेन म्हणाला. आणि ज्याने मर्लच्या अंत्यविधीलाही कुणाला जवळ घेतलं नव्हतं, त्याने तिला घट्ट मिठी मारली. तिचा खांदा दुखला असणार. तरी ती मागे सरली नाही.

त्या दिवशी पुढे कुणी शिकार केली नाही. आर्लिसच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं गरम सूप प्यालो आणि ड्वेनने मर्लच्या लहानपणीच्या, तिने कधी न ऐकलेल्या गोष्टी अंधार पडेपर्यंत सांगितल्या.