नावापुरता मालक

११ ऑक्टोबर २०१६, दसरा. तीन लाख अठरा हजार सहाशे पन्नास रुपये. एवढे पैसे भरून हिंदुरावांनी सोलापूर रस्त्यावरच्या एका शोरूममधून साडेअठरा हॉर्सपॉवरचा छोटा डिझेल ट्रॅक्टर घेतला आणि पावती दुसऱ्याच्या नावाने केली. ती सूचना माझी होती.

मी मार्केट यार्डात एका भाजीच्या गाळ्यावर चौतीस वर्षे हिशेब लिहितो आहे. येत्या मार्चमध्ये थांबणार. गाळ्यावर मला दिवाणजी म्हणतात. हिंदुराव मांजरीहून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन येत. मालाची विक्रीची पट्टी हातात पडली की बाकीचे शेतकरी शेवटचा आकडा पाहून खिशात घालतात. हिंदुराव आधी हमाली, मग तोलाई, मग आडत, असे एकेक वाचत आणि चूक असली तर न भांडता बोट ठेवत. दोनदा चूक माझी निघाली. तेव्हापासून आमची ओळख.

त्यांच्या नावावर जमीन नव्हती. वडिलांच्या वाट्याची होती ती ते लहान असतानाच विकली गेली. चुलतभाऊ आप्पासाहेब यांची पावणेदोन एकर ते वाट्याने करत आणि आसपासच्या गुलाबाच्या, पेरूच्या बागांत मशागतीची कामे घेत. मोठा ट्रॅक्टर या ओळींतून जात नाही. दहा-बारा गुंठ्यांच्या तुकड्यात तो निम्मा वेळ वळण्यातच घालवतो आणि कोपरे तसेच राहतात. हिंदुरावांनी सुतळीने बागांच्या ओळी मोजल्या, शोरूममध्ये जाऊन त्याच सुतळीने ट्रॅक्टरची रुंदी मोजली, आणि मग सात वर्षे पैसे साठवले. कमी पडले तेवढ्यासाठी त्यांच्या पत्नी बायडाबाई यांनी पाटल्या मोडल्या.

अनुदान पंच्याहत्तर हजारांचे होते. त्यासाठी सातबारा लागत होता. मी त्यांना म्हणालो, "कागद आप्पासाहेबांच्या नावाने करा. नावापुरतं. घरातच आहे."

आप्पासाहेबांनी एका शब्दात होकार दिला. त्यांच्या खात्यात अनुदान जमा झाले त्या दिवशी ते स्वतः बँकेतून पैसे काढून हिंदुरावांकडे गेले, मोजून दिले आणि चहासुद्धा न घेता परतले. माणूस तेव्हा असा होता, हे लिहून ठेवायला हवे.

ट्रॅक्टरचे वय किलोमीटरवर नव्हे, इंजिन चाललेल्या तासांवर मोजतात. हिंदुराव दर सोमवारी पट्टीच्या पाठीवर मीटरवरचे तास लिहून आणत. मी एक लांब वही घातली होती. तारीख, तास, काम, खर्च. पहिली सर्व्हिस पन्नास तासांना. मग अडीचशे तासांना इंजिन ऑइल आणि फिल्टर. उन्हाळ्यात मांजरीत बांधकामांची इतकी धूळ उडायची की एअर क्लीनरमधले तेल आठ दिवसांत गाळासारखे व्हायचे. ते दर शनिवारी उघडून धुवत. डिझेल कॅनमधून थेट टाकीत कधी ओतले नाही. बायडाबाईंच्या जुन्या पातळाची चौघडी करून गाळून घेत. शोरूमचा मेकॅनिक एकदा म्हणाला होता की, अशी गिऱ्हाइके असली तर आम्ही उपाशी मरू. हिंदुराव म्हणाले, "मग आमच्याकडं या जेवायला. पण बोल्ट जास्त आवळू नका."

साडेआठ वर्षांत एकदाच मोठा खर्च निघाला. क्लच प्लेट, अकरा हजार चारशे. त्यांनी तो तीन हप्त्यांत फेडला आणि तेवढे महिने विड्या सोडल्या. परत धरल्या नाहीत, त्याचे कारण मी विचारले तेव्हा म्हणाले की, आता तेवढे पैसे ग्रीसला लागतात.

२०२१मध्ये मांजरी महापालिकेत आली. जमिनीच्या भावाची चर्चा रोजची झाली. आप्पासाहेबांनी आधी अर्धा एकर विकला, मग उरलेले सगळे. वाट्याची शेती संपली. पण हिंदुरावांचे फारसे अडले नाही, कारण ट्रॅक्टर होता. शिल्लक राहिलेल्या बागा, नर्सऱ्या, नव्या सोसायट्यांच्या लॉनची जमीन, कुठल्याही अरुंद फाटकातून तो आत जायचा. दिवसाला हजार-बाराशे सुटत. सोमवारी शेजाऱ्यांच्या जुड्या घेऊन ते यार्डात येतच राहिले. साठीच्या माणसाला दुसरे काही येत नव्हते आणि दुसरे काही लागत नव्हते.

एप्रिल २०२५मध्ये आप्पासाहेबांचा मुलगा इंद्रजीत याने निरोप धाडला की, ट्रॅक्टर विकायचा आहे, गिऱ्हाईक बघायला येईल, तेव्हा धुऊन ठेवा. मुळशीकडे कोणी कृषी पर्यटन केंद्र काढले होते. तिथे मुलांना चक्कर मारायला छोटा ट्रॅक्टर हवा होता.

हिंदुराव माझ्याकडे आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पट्टी न वाचता खिशात घातली. मी म्हणालो, घाबरू नका, वही आहे. साडेआठ वर्षांचा पैसा न् पैसा तुम्ही घातल्याचा पुरावा आहे. रविवारी मी कोथरूडहून बसने स्वारगेट, तिथून मांजरी असा गेलो. वही पिशवीत होती.

आप्पासाहेबांच्या नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये आम्ही बसलो. आप्पासाहेब सोफ्याच्या कडेला बसले होते, पाहुण्यासारखे. मी शांतपणे सगळे मांडले. पैसे कोणी भरले, पाटल्या कोणाच्या मोडल्या, क्लच कोणी घातला. इंद्रजीत मोबाइल खाली ठेवून ऐकत होता. तो उद्धट नव्हता, हे आणखी वाईट.

"काका, मी नाही कुठं म्हणतोय? हिंदुरावनानांनी वापरला, नानांनी खर्च केला. भाडं आम्ही कधी मागितलं का?"

हिंदुराव आप्पासाहेबांकडे वळले. "आप्पा, तू सांग. कुणाचा हाय?"

आप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी आता व्यवहारात नसतो रं. पोरं बघत्यात."

"व्यवहार नाय इचारत. कुणाचा हाय त्ये इचारतोय."

आतून कोणीतरी सरबत आणून ठेवले. तेवढ्यात इंद्रजीतने माझ्यापुढची वही उचलली, पुठ्ठ्यावर नजर टाकली आणि वही माझ्याकडे फिरवली.

"हे अक्षर तुमचंच ना, काका?"

माझेच होते. पहिल्या दिवशी नोंदणीची कागदपत्रे समोर ठेवून मी पुठ्ठ्यावर निळ्या शाईत सगळा तपशील उतरवला होता. इंजिन नंबर, चासी नंबर, खरेदीची तारीख. आणि सगळ्यांत वर, पट्टीने रेघ मारून: वाहनमालक, आप्पासाहेब. कागदावर असेल तेच वहीत लिहायचे, ही माझी शिस्त. साडेआठ वर्षे दर सोमवारी ती वही मी उघडत होतो आणि हिंदुराव, जे पट्टीवरची हमालीही सोडत नसत, ते समोर बसून आतली पाने वाचत होते. पुठ्ठा कोणी वाचला नाही. आतल्या एकाही पानावर पैसे कोणी दिले, असा रकाना नव्हता. तो मला सुचलाच नव्हता. पैसे देणारा समोर बसलेला असे.

"नावापुरतं लिहिलंय ते," मी म्हणालो. माझा आवाज मलाच कारकुनासारखा वाटला.

"नावच तर असतं, काका," इंद्रजीत म्हणाला.

वही त्याने परत दिली नाही. गिऱ्हाइकाला सर्व्हिस रेकॉर्ड हवे होते. एवढी व्यवस्थित नोंद पाहून त्याने सांगितलेल्या किमतीवर पंधरा हजार वाढवून दिले, असे नंतर मला कळले. एक लाख नव्वद हजारांना सौदा झाला. हस्तांतराच्या अर्जावर आप्पासाहेबांनी सही केली. पोलीस चौकीत हिंदुरावांना सांगण्यात आले की, हा दिवाणी मामला आहे. ओळखीच्या वकिलाने कागद बघून फी घेतली नाही, यावरून काय ते आम्ही समजलो.

ट्रॅक्टर न्यायला टेम्पो आला त्या सकाळी हिंदुरावांनी नेहमीप्रमाणे ऑइलची पट्टी काढून पाहिली, पाणी पाहिले, ग्रीस मारले. मुळशीच्या माणसाला ते बराच वेळ समजावत होते की, थंड इंजिन लगेच रेस करू नका आणि डिझेल गाळून टाका. तो माणूस हो हो म्हणत फोनवर बोलत होता. बायडाबाई घराबाहेर आल्या नाहीत.

सध्या हिंदुराव हडपसरच्या एका सोसायटीत माळीकाम करतात. महिना साडेनऊ हजार. जिथे त्यांनी ट्रॅक्टरने जमीन करून दिली होती तीच बाग. आता फावड्याने करतात. सोसायटीच्या सेक्रेटरी पद्मजाताई त्यांना म्हणाल्या की, नाना, तुमचा तो छोटा ट्रॅक्टर आणा ना एक दिवस. ते म्हणाले, दुरुस्तीला टाकलाय.

आप्पासाहेबांनी दिवाळीला फराळाचा डबा पाठवला होता. बायडाबाईंनी तो न उघडता परत पाठवला. मी त्यांच्याकडे गेलो की हिंदुराव मला चहा देतात, माझ्या पेन्शनची चौकशी करतात आणि दुसऱ्या विषयावर बोलतात. एकदाही त्यांनी मला दोष दिलेला नाही. त्यांनी तो द्यायला हवा होता.

सौद्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी हडपसरच्या शुभंकर नावाच्या सुट्या भागांच्या दुकानदाराकडून फॅन बेल्ट आणि डिझेल फिल्टर उधारीवर घेऊन बसवले होते. मी दुकानदाराला पैसे देऊ केले, ते हिंदुरावांनी त्याला घेऊ दिले नाहीत. त्या उधारीतले सातशे चाळीस रुपये त्याला हिंदुरावांकडून अजून येणे आहेत.