गंधार, उणे चौदा

माझ्या सतारीचे पडदे आतेभावाने, दादाने, सरकवले तेव्हा मी कॉलेजात होते. घरी आले, हातपाय धुतले, खोळ काढून वाजवायला बसले, तर गंधार मला चावला. दुसरा शब्द तेव्हा सुचला नाही, आजही सुचत नाही. निषादही तसाच.

"कशी लागलीय?" दादा दारात उभा होता. "एक-एक सूर कॉम्प्युटरवर चेक केलाय. तुझ्या गुरुजींना जन्मात जमलं नसतं."

"छान," मी म्हटलं.

त्या दिवसांतल्या इतर कशाहीपेक्षा त्या 'छान'चा राग मला जास्त येतो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. दादा कोर्ससाठी आमच्याकडे दूधविनायकला, हिंदी मुलखातल्या मराठी वस्तीत, राहायला आला आणि त्याच्यापाठोपाठ कॉम्प्युटर आला. गल्लीत रिक्षा शिरत नाही, म्हणून मॉनिटर हमालाच्या डोक्यावरून आला, आणि शेजारच्या बायका वरात बघावी तशा दारात उभ्या राहिल्या. मग कुठल्याशा मित्राने त्याला वाद्यं सुरात लावायचं सॉफ्टवेअर दिलं. समोर माइक ठेवायचा, तार छेडायची, की मॉनिटरवर काटा हलायचा. सूर बरोबर असला तर हिरवा दिवा, चुकला तर लाल. बाबा रेल्वेच्या ऑफिसातून आले की चहा घेत तो दिवा बघत बसायचे.

सतारीचे पडदे म्हणजे दांडीवर दोऱ्याने बांधलेल्या पितळी कमानी. अंगठ्याने रेटल्या की सरकतात. दादाने गंधाराचा पडदा तांदळाच्या दाण्याएवढा खाली, भोपळ्याकडे ओढून सूर चढवला होता. एवढ्यानेच तंबोऱ्यावर गंधार थरथरत होता, लटपटणाऱ्या पंख्यासारखा.

आणि तीन आठवड्यांनी आमच्या मंडळाच्या गणपतीत मी पहिल्यांदा एकटी वाजवणार होते. यमन. गंधाराशिवाय यमनात उरतं काय?

गुरुजी दुर्गाघाटावरून चालत यायचे. आठ वर्षं त्यांची एकच रीत होती. आल्यावर सतार आपल्या मांडीवर घ्यायची, स्वतः लावायची आणि मग माझ्याकडे द्यायची. "मुलींनी खुंट्यांना हात लावायचा नाही. तारा तोडतात." वयाने त्यांची बोटं कापायला लागली होती. कान शाबूत होता, पण खुंटी नेमक्या जागी थांबायची नाही. ते गेल्यावर मी दार लोटून सतार पुन्हा लावायची. पुढच्या वेळी ते तार छेडून म्हणायचे, "बघ कॉन्व्हेंटवाली, मी लावली की आठवडाभर हलत नाही."

मी मान डोलवायची. घरात मी बोलत नाही हे सगळ्यांना इतकं ठाऊक होतं, की मला काही विचारायचंही कोणी राहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात गुरुजींनी सतार मांडीवर घेतली, एकदाच तार छेडली आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

"कॉम्प्युटरने," बाबा म्हणाले. "या ना गुरुजी, तुम्हीही गाऊन बघा. मजा आहे."

गुरुजी खुर्चीवर बसले. मी तंबोरा धरला. दादाने त्यांचा षड्ज मशीनला दिला. त्यांनी सा लावला, दिवा हिरवा. पंचम, हिरवा. गंधार लावला, लाल. त्यांनी घसा साफ केला, डोळे मिटले, पुन्हा लावला. लाल.

"गुरुजी, थोडा चढ़ाइए," दादा म्हणाला.

बाबा हसले. "काय हो, पन्नास वर्षं उतरलेलाच लावत होतात की काय?"

बाबांच्या मनात वाईट काही नव्हतं, असं आई नंतर म्हणाली. असेलही. गुरुजी डोळे उघडून त्या लाल दिव्याकडे बघत राहिले. माझ्या तंबोऱ्यातून तोच गंधार आपोआप उमटत होता, त्यांच्या गळ्यातला, तंतोतंत तोच. खोलीतल्या कोणालाही तो ऐकता आला असता. सगळे बघत होते. ऐकत कोणीच नव्हतं.

"मशीन म्हणतंय म्हणजे बरोबरच असेल," असं म्हणून गुरुजींनी चपला घातल्या. पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. गुडघा दुखतो, मुलीला दुसरीकडे पाठवा, असा निरोप आला.

दादा क्लासला गेला की कॉम्प्युटर दुपारभर मोकळा असायचा. मी त्या सॉफ्टवेअरची माहिती उघडली. इंग्रजीत, चाळीसेक पानं. दादाने त्यातलं एकही वाचलं नव्हतं. माझ्या इंग्रजीवरून घरात मला 'मॅडम' म्हणून चिडवायचे, पण ती चाळीस पानं सलग वाचू शकणारी घरात मी एकटीच होते. विसाव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं: हा प्रोग्राम पियानोप्रमाणे सप्तकाचे बारा सारखे भाग करतो आणि प्रत्येक भागाचे शंभर अंश मोजतो. आपलं संगीत वेगळं असेल तर खालच्या तक्त्यात आपले आकडे भरावेत.

बस, एवढंच. मशीन खोटं बोललंच नव्हतं. त्याला पियानोचा प्रश्न विचारला होता, त्याने पियानोचं उत्तर दिलं. एका म्हाताऱ्या माणसाला अपमान करून घराबाहेर काढलं, आणि त्याआधी कोणाला एक पान उलटावंसं वाटलं नाही.

मी तंबोऱ्याच्या तारा छेडत राहिले आणि गंधाराचा पडदा केसाकेसाने वर रेटला. थरथर हळू झाली, आणखी हळू झाली, थांबली. तेव्हा मॉनिटरवर पाहिलं. काटा मधल्या रेघेच्या डावीकडे चौदावर होता. तक्त्यात गंधाराच्या घरात मी उणे चौदा भरलं. निषादाचे उणे बारा निघाले. बाकीचेही असेच काढले. मध्येच लाइट गेली आणि सगळं पुसलं गेलं. दुसऱ्या दुपारी पुन्हा पहिल्यापासून भरलं. आकडे तेच आले.

मग दुर्गाघाटावर गेले. गुरुजी ओट्यावर पेपर वाचत होते.

"कॉम्प्युटर नीट झालाय," मी म्हटलं. "एकदा या."

"काय करू येऊन? लाल व्हायला?"

"या, गुरुजी."

आठ वर्षांत मी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. कदाचित म्हणूनच ते आले.

त्यांनी गंधार लावला. हिरवा. श्वास संपेपर्यंत त्यांनी सूर धरून ठेवला, दिवा हिरवाच राहिला.

"वा!" बाबांनी मांडी थोपटली. "पाहिलंत? रियाज केलेला दिसतोय."

"मशीन सिखा देती है," दादा म्हणाला.

आणि गुरुजी हसले. पास झालेल्या पोरासारखे, सुटल्यासारखे हसले. ते हसू मला सहन झालं नाही.

"त्यांचा गंधार होता तोच आहे," मी म्हटलं. "आकडा बदललाय. मी बदलला."

दादा माझ्याकडे बघायला लागला. "तू? कुठल्या पुस्तकातून काढलास?"

"पुस्तकातून नाही. ऐकून."

"अगं, पण विचारल्याशिवाय मशीनमध्ये हात..." बाबांनी सुरुवात केली.

"सतारीत घालताना मला विचारलं होतं?"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. गुरुजींनी सावकाश विचारलं, "कोणाच्या कानाने भरलास आकडा?"

"माझ्या."

सवयीने सतार ओढून गुरुजींनी मांडीवर घेतली आणि त्यांचा कापरा हात खुंटीकडे गेला.

मी खुंटीवर हात ठेवला.

"लावलेली आहे, गुरुजी."

माझा आवाज मला वाटलं होतं त्याहून मोठा निघाला. त्यांना हात काढायला वेळ लागला. मी माझा काढला नाही.